बेगिल: कोरियन घरात बाळाचा शंभरावा दिवस कसा करायचा

बाळाच्या जन्मानंतरच्या शंभराव्या दिवसाला कोरियात 'बेगिल' म्हणतात. आधुनिक औषधं नव्हती तेव्हा तान्ही मुलं पहिल्या काही महिन्यांतच दगावायची. त्यामुळे शंभर दिवस निघाले की बाळ आता आपल्यात राहिलं, असं मानून घर पहिल्यांदा मोकळेपणाने आनंद करायचं. आणखी एक हिशोब वडीलधारी माणसं सांगतात: पोटातले नऊ महिने आणि बाहेरचे शंभर दिवस मिळून जवळपास वर्ष होतं, म्हणजे जीव आईच्या पोटात आल्याला वर्ष झालं.

हा लेख नव्याने या घरांत आलेल्या मराठी माणसांसाठी आहे. कुणी कोरियन घरात सून किंवा जावई म्हणून आलेलं असेल, कुणी नोकरीसाठी सोल-सुवॉनला राहत असेल आणि शेजाऱ्यांनी बोलावलं असेल. तळेगाव-रांजणगावच्या कोरियन कंपन्यांमुळे पुण्यात राहणाऱ्या कोरियन कुटुंबांशी कुणाची मैत्री झाली असेल. मी कोरियन सासरी राहते आणि या दिवसावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणून सुरुवातीलाच एक सांगते: या दिवसाचा गाभा फार छोटा आहे. बाळ देणाऱ्या देवतेची, म्हणजे सामशिन हालमनीची, पहाटेची थाळी, पांढरा तॉक, म्हणजे तांदळाच्या पिठीचा वाफवलेला केक, आणि तो वाटणं. या तीन गोष्टी नीट झाल्या की बेगिल झाला. बाकीची सजावट हौसेची, ती बाळाच्या झोपेपेक्षा मोठी होऊ देऊ नका.

आधी दिवस मोजा

इथे जन्माचा दिवस पहिला धरतात. आपण बारसं मोजताना जन्मदिवस धरतो तसंच. म्हणजे जन्मतारखेत ९९ दिवस मिळवायचे. १५ जूनला जन्मलेल्या बाळाचा बेगिल २२ सप्टेंबरला येतो. १ जानेवारीला जन्मलेल्याचा १० एप्रिलला, आणि लीप वर्ष असेल तर ९ एप्रिलला. मोबाइलवरच्या दिवस मोजणाऱ्या ॲपमध्ये जन्मदिवस शून्य धरला जातो की एक, ते तपासून घ्या, नाहीतर नेमका एका दिवसाचा घोळ होतो आणि सासूबाईंचा हिशोब तुमच्याशी जुळत नाही.

तो दिवस आठवड्याच्या मध्ये आला तर? आजकाल बहुतेक घरं पहाटेची थाळी त्याच दिवशी करतात आणि जेवण, फोटो, पाहुणे शनिवार-रविवारी ठेवतात. ठेवताना शक्यतो आधीचा शनिवार-रविवार धरा. वाढदिवस अलीकडे ओढला तरी चालतो, पुढे ढकलू नये, असं इथे घराघरांत मानतात. बाळ आजारी असेल तर मात्र सगळं बाजूला ठेवा. माझ्या ओळखीतली कुठलीही आजी तापलेल्या बाळाला नटवून बसवायला सांगणार नाही.

भारतातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर वेळेचं गणित आधीच करा. कोरिया भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. पहाटे सहाची थाळी म्हणजे भारतात रात्रीचे अडीच. त्यांना दुपारी बाराच्या जेवणाला बोलवा, तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात.

मग घरातल्या मोठ्यांना विचारा

कोरियन घरं एकसारखी नसतात. कोरियात ख्रिश्चन कुटुंबं भरपूर आहेत. त्यातली पुष्कळ सामशिनची थाळी मांडत नाहीत. त्याऐवजी सगळे जमून प्रार्थना करतात, कधी पाद्री घरी येतात. काही घरांत आजीला थाळी हवी असते आणि मुलगा-सुनेला नको असते. म्हणून महिनाभर आधी सासूबाईंना सरळ विचारा, "ओमोनिम, तुमच्याकडे बेगिल कसा करतात?" सासूला 'ओमोनिम' आणि सासऱ्यांना 'आबोनिम' म्हणायचं. तुम्ही विचारलंत याचंच त्यांना अप्रूप वाटतं. पुढची अर्धी कामं त्या स्वतःहून अंगावर घेतात.

विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. थाळी मांडायची का, तॉक घरी करायचा की तॉकजिपमधून, म्हणजे तॉकच्या दुकानातून, मागवायचा, कुणाकुणाला वाटायचा, आणि बाळाने काय घालायचं. तुम्ही शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगून टाका.

पहाट: सामशिन हालमनीची थाळी

सामशिन हालमनी ही बाळ देणारी, बाळंतपण सांभाळणारी आणि मुलाला वाढवणारी देवता. हालमनी म्हणजे आजी. कोरियन बाळांच्या ढुंगणावर निळसर डाग असतो. तो कसा आला, तर बाळ बाहेर यायला तयार होईना तेव्हा सामशिन हालमनीने चापट मारून बाहेर ढकललं, असं आज्या सांगतात. आपल्याकडच्या बाळांनाही हा डाग पुष्कळदा असतो. माझ्या सासूबाईंनी तो पाहून जे समाधान व्यक्त केलं, ते मी विसरणार नाही.

जुन्या काळी बाळंतपणानंतर दाराला कुमजुल बांधायचे. ती नेहमीच्या उलट, डाव्या पिळाची गवती दोरी. मुलगा झाला तर तिच्यात लाल मिरच्या खोवायच्या. मुलगी झाली तर कोळसा आणि पाइनच्या हिरव्या डहाळ्या. एकवीस दिवस बाहेरच्या माणसाने त्या दोरीच्या आत यायचं नाही. आता फ्लॅटच्या दाराला कुणी दोरी बांधत नाही, पण एकवीस दिवस पाहुणे नकोत हा नियम बरीच घरं अजून पाळतात, आणि माझ्या मते तो शहाणपणाचा आहे. सामशिनची थाळी त्या दिवसांतही मांडली जायची, आणि शंभराव्या दिवशी पुन्हा मांडतात.

थाळीत काय असतं? पांढरा भात, मियॉकगुक आणि स्वच्छ पाणी. मियॉकगुक म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप. कोरियन बाळंतिणीला ते आठवडेच्या आठवडे देतात आणि पुढे जन्मभर प्रत्येक वाढदिवसाला ते खाल्लं जातं. बऱ्याच घरांत भात आणि सूप यांचे तीन-तीन वाडगे ठेवतात. भात शिगोशीग भरायचा. सामशिनच्या सुपात मांस घालत नाहीत, त्यामुळे शाकाहारी सुनेची इथे मुळीच अडचण होत नाही.

सूप असं करा. वाळलेला मियॉक चौघांसाठी २० ग्रॅम पुरे. मूठभर दिसतो, पण भिजल्यावर पातेलं भरतो, म्हणून अंदाजाने जास्त टाकू नका. वीस-तीस मिनिटं पाण्यात भिजवा, चोळून दोन-तीन पाण्यांतून धुवा, पिळून घ्या. पातेल्यात थोडं तिळाचं तेल घालून मियॉक चांगला परता. रंग गडद हिरवा होऊन चकाकी आली की पाणी घाला आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळू द्या. चवीला सूपची सोया सॉस, जिला 'गुक-कानजांग' म्हणतात, आणि मीठ. नेहमीची सोया सॉस गोडसर असते आणि तिने सूप काळं पडतं, ती नको. घरच्या जेवणाच्या सुपात लसूण आणि बीफ घालतात. थाळीसाठीचं सूप आधी वेगळं काढून ठेवा. शाकाहारी पाहुण्यांसाठी याच सुपात पेरिलाच्या बियांची पूड, तुलके, घातली की ते दाट आणि खमंग होतं.

बाळंतिणीसाठीचा मियॉक घेताना घासाघीस करत नाहीत आणि तो मोडत किंवा दुमडत नाहीत, ही जुनी रीत. बाळाचं आयुष्य तुटू नये हा त्यामागचा भाव. म्हणूनच दुकानात लांबलचक, न कापलेल्या मियॉकचे गठ्ठे दिसले तर ते याच कामाचे समजा.

उजाडायच्या आत, बाळ-बाळंतीण झोपतात त्या खोलीत छोटं बुटकं टेबल ठेवून थाळी मांडायची. आमच्याकडे सासूबाई अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसल्या. दोन्ही तळवे एकमेकांवर हळूहळू गोल चोळत त्या पुटपुटत राहिल्या: खाल्लेलं अंगी लागू दे, नीट झोप येऊ दे, दुखणं जवळ येऊ नको देऊ, उन्हाळ्यातल्या काकडीसारखं भराभर वाढू दे. नमस्काराला हात जोडून ठेवत नाहीत, ते असे चोळत राहतात. तळव्यांचा सुकलेल्या पानांसारखा आवाज तेवढा खोलीत होता. तुम्हाला शब्द येत नसतील तर मागे गुडघ्यावर बसा आणि आपल्या भाषेत मागा. सामशिन हालमनीला कोरियनच लागते असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

मग त्या थाळीतला भात आणि सूप बाळाच्या आईने खायचं. ते बाहेरच्या माणसाला देत नाहीत. गार झालेलं असतं, गरम करून खाल्लं तरी चालतं.

तॉक: कोणता आणि कसा

बेगिलला पांढरा बेक्सोल्गी हवाच. तांदळाच्या पिठीचा वाफवलेला, पांढराशुभ्र, हलका केक. त्याची शुभ्रता म्हणजे बाळाचं निर्मळ मन. दुसरा सुसुपात्तॉक, म्हणजे ज्वारीच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे, वरून लाल अझुकी बियांचा चुरा. लाल रंगाने वाईट दूर पळतं, म्हणून मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दर वाढदिवसाला हे गोळे करायचे, अशी समजूत आहे. काही घरं यासोबत पाच रंगांचे सोंगप्योन करतात. त्यातले काही सारण भरून, काही पोकळ. भरलेले म्हणजे मन भरलेलं असावं, पोकळ म्हणजे मन मोठं असावं, दुसऱ्याला जागा देणारं. चिकट इन्जल्मीही असतो, मूल चिवट आणि घट्ट व्हावं म्हणून. वेळ नसेल तर पहिले दोन पुरेत.

वाटायचा तॉक तॉकजिपमधून मागवा, त्यात कमीपणा नाही. सोलमध्ये जोंगनोजवळ नाग्वोन-दोंगला तॉकच्या दुकानांची जुनी गल्ली आहे, पण तुमच्या घराजवळचं दुकानही तितकंच चांगलं करतं. दुकानदार 'माल' या मापात बोलतो. तॉकच्या धंद्यात एक माल म्हणजे ८ किलो तांदूळ. लहान घराला अर्धा मालही जास्त होतो. वाटायचे डबे किती ते सांगा, म्हणजे वजन तोच सांगेल. तॉक त्याच दिवशी सकाळी तयार करून हवा, हे ऑर्डर देतानाच बजावा. बेक्सोल्गी सकाळी मऊ लुसलुशीत असतो आणि संध्याकाळपर्यंत कडक होतो.

थाळीपुरता बेक्सोल्गी घरी करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. ज्याला उकडीच्या मोदकांचा अंदाज आहे त्याला तो जमतोच. कोरियात ओली पिठी मिळते. भिजवलेले तांदूळ निथळून दळलेली, गोठवून विकतात. पिठाच्या गिरणीत, पांगात्कानमध्ये, ताजी दळूनही मिळते. सुपरमार्केटमधली कोरडी पिठी टाळा. तिला पाणी किती लागेल याचा भरवसा नसतो.

ओली पिठी ५०० ग्रॅम घ्या. तिच्यात मीठ आधीच घातलंय का ते पाकिटावर बघा किंवा गिरणीत विचारा. नसेल तर ५ ग्रॅम घाला. आता एक-एक चमचा पाणी शिंपडत दोन्ही हातांनी पिठी चोळत राहा. पाणी पुरेसं झालं का ते असं कळतं: मुठीत दाबून मुटका करा आणि तळहातावर हलकेच दोन-तीनदा उडवा. लगेच फुटला तर पाणी कमी आहे. तसाच राहिला आणि बोटाने दाबल्यावर मोकळा झाला तर नेमकं झालं. साधारण पाच-सहा मोठे चमचे पाणी लागतं. मग चाळणीतून दोनदा चाळा. ही चाळणीच बेक्सोल्गीचा जीव आहे. चाळताना हवा शिरते, त्यानेच तो हलका होतो.

साखर ५० ग्रॅम, अगदी शेवटी, वाफेवर ठेवायच्या आधी घाला. आधी घातली तर ती पाणी सोडते आणि गुठळ्या होतात. मोदकपात्रात ओलं पातळ फडकं अंथरून त्यावर पिठी भुरभुरत पसरा, वरून सपाट करा, पण दाबू नका. तुकडे हवे असतील तर आताच सुरीने रेघा मारा. खालचं पाणी खळखळ उकळत असताना पात्र वर ठेवा. झाकणाला कोरडं फडकं गुंडाळा, नाहीतर वाफेचे थेंब पडून वर खड्डे पडतात. मोठ्या आचेवर वीस मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. टूथपिक टोचून कोरडी पिठी लागत नाही ना ते पाहा. जुन्या घरांत बेगिलचा तॉक वाटताना सुरी लावत नाहीत, उलथण्याने तोडून देतात. तुमच्या घरी असं असेल तर सुरीच्या रेघाही मारू नका.

सुसुपात्तॉकची ज्वारी आपल्यापेक्षा वेगळी. कोरियातली तांबूस आणि चिकट असते. ती तुरट असल्यामुळे पाणी बदलत बदलत भिजवावी लागते, मग दळायची. बाजारात तयार पीठ मिळतं, तेच घ्या. मीठ घालून उकळत्या पाण्याने मळा, सुपारीएवढे गोळे करा, उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की मिनिटभर थांबून गार पाण्यात काढा. अझुकीचं पहिलं उकळीचं पाणी फेकून द्या, त्यात कडवटपणा असतो. दुसऱ्या पाण्यात मऊ शिजवा, पण पाणी पूर्ण आटवा. मीठ-साखर घालून भरड कुटा आणि गोळे त्यात घोळवा.

पुण्यात करत असाल तर आपली पांढरी ज्वारी एकटी वळत नाही, तडकते. तिच्यात निम्मी चिकट तांदळाची पिठी मिसळा. अझुकीच्या जागी लाल चवळी चालून जाते. बेक्सोल्गीला इंद्रायणी रात्रभर भिजवून, निथळून, मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवून चाळा. कोरियन तांदळाच्या जवळ जाणारं असं काही आपल्याकडे असेल तर माझ्या मते तोच.

यातलं काहीही बाळाला चाटवायचं नाही. शंभर दिवसांचं बाळ फक्त दूध पितं. एखादे काका प्रेमाने तॉकचा कण ओठाला लावायला जातात, तेव्हा हसतमुखाने पण ठामपणे हात धरा. तॉक चिकट असतो आणि घशात अडकतो. अगदी म्हाताऱ्या माणसांनाही तो छोटे तुकडे करून द्या.

टेबल आणि फोटो

आजकाल बेगिलची सजावट भाड्याने मिळते. आदल्या दिवशी मोठा खोका घरी येतो. त्यात छोटं टेबल, पडदा किंवा घडीचा पडदा, नकली फळं, फुलदाण्या, तॉकची भांडी, बाळाच्या नावाची पाटी, कधी कपडेसुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खोक्यात भरून दाराबाहेर ठेवायचं, कुरिअरवाला घेऊन जातो. ही सोय चांगली आहे. उघडताच प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवा, परत भरताना काही राहत नाही आणि आधीच तडकलेल्या वाडग्यावरून वाद होत नाही.

स्वतः मांडणार असाल तर पांढरं कापड, बेक्सोल्गी, सुसुपात्तॉक, भात, मियॉकगुक, दोन-तीन प्रकारची फळं, सुके बोर आणि पांढऱ्या रेशमी दोऱ्याची लड एवढं पुरतं. दोरा दीर्घायुष्याचा. वस्तू निवडायला लावणं, म्हणजे टोलजाबी, पहिल्या वाढदिवसाला असते. ते आता करत बसू नका. बाळाला अजून धड काही धरताही येत नाही.

फोटोचं एकच तंत्र मला खरं उपयोगी वाटतं: बाळ झोपून उठलं, दूध प्यायलं, ढेकर काढला, की त्यानंतरची वीस मिनिटं. त्याआधी सगळं टेबल तयार असलं पाहिजे. बाळाची मान अजून पुरती सावरलेली नसते आणि ते बसू तर शकतच नाही. पाठीला उशी लावून उंच खुर्चीत टेकवलेली बाळं फोटोत गोड दिसतात, पण क्षणात कलंडतात. जमिनीवर जाड गादी घाला, बाळाला पाठीवर निजवा, वरून फोटो काढा. बसवायचंच असेल तर एका माणसाचा हात सतत बाळाजवळ हवा, फोटोत तो दिसला तरी हरकत नाही.

कपडे आणि जावळ

पूर्वी बेगिलचा कपडा शंभर टाक्यांच्या रेघांनी शिवायचे, किंवा शंभर घरांतून चिंध्या मागून आणून जोडायचे, की शंभर घरांचं आयुष्य बाळाला लागावं. आता साधा पांढरा कपडा किंवा छोटा हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालतात. विकत घ्यायचा तर सोलमध्ये नामदेमुन बाजारात लहान मुलांच्या कपड्यांची दुकानंच्या दुकानं आहेत. एका दिवसासाठी मी भाड्याचा किंवा वापरलेला घ्यायला सांगेन. बाळ महिन्याभरात त्यातून बाहेर येतं. आतून सुती झबलं घाला, कारण हानबोकचं कापड बाळाच्या मानेला टोचतं.

बेगिलच्या सुमाराला जावळ काढायची पद्धत कोरियातही होती आणि काही घरं अजून करतात. केस दाट येतात असं सासूबाई म्हणतील, तुमची आई फोनवर त्याला दुजोरा देईल. डॉक्टर म्हणतात, केस कापल्याने दाट होत नाहीत, आणि या वयात पहिले केस आपोआप गळतातच. करायचं असेल तर बाळ शांत असताना, डोक्याला धार न लागणाऱ्या ट्रिमरने करा. नको असेल तर तसं सांगा, यावरून कुणी रुसत नाही.

पाहुणे

बेगिल हा घरचा सोहळा आहे. आजी-आजोबा, काका-मावश्या, फार तर जवळचे दोन मित्र. हॉल घेऊन मोठी मेजवानी पहिल्या वाढदिवसाला, टोलजान्छीला असते. घरी जेवण ठेवाल किंवा रेस्टॉरंटची वेगळी खोली घ्याल, दोन तासांत आटपा.

ज्यांना खोकला-सर्दी आहे त्यांनी येऊ नये, हे निमंत्रणातच लिहा. कोरियात कुणाला याचं वाईट वाटत नाही. जुन्या रीतीप्रमाणे नुकतेच अंत्यविधीला जाऊन आलेले लोकही स्वतःहून लांब राहतात. बाळाला सांभाळायला येणाऱ्या आजी-आजोबांनी डांग्या खोकल्याची लस भेटीच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी. २०२४ साली कोरियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली होती, तेव्हापासून डॉक्टर याबाबत विशेष आग्रही आहेत. भारतातून आई-बाबा येणार असतील तर ही लस तिथूनच घेऊन यायला सांगा.

तुम्ही पाहुणे असाल तर? आत शिरताच हात धुवा. "बेगिल चुखाहाम्निदा" म्हणा. बाळाला उचलायला स्वतःहून हात पुढे करू नका, आईने दिलं तर घ्या. भेट म्हणून कपडे उत्तम. कोरियन बाळांच्या कपड्यांचं माप उंचीच्या सेंटिमीटरमध्ये असतं. शंभर दिवसांचं बाळ साधारण साठ-बासष्ट सेंटिमीटरचं असलं तरी ८० चं माप घ्या, नाहीतर बाळाला तो एकदाच घालता येईल. सुती अंतर्वस्त्रांचा जोड, 'नेबोक', सगळ्यांना हवाच असतो. पैसे द्यायचे तर नव्या नोटा पांढऱ्या पाकिटात. ओळखीचे लोक ५० हजार वॉन आणि जवळचे १ लाख देतात, असा साधारण प्रघात आहे.

जवळचे नातलग सोन्याची अंगठी देतात. ती बहुतेक पहिल्या वाढदिवसाला, पण बेगिललाही चालते. पारंपरिक वजन एक टोन, म्हणजे ३.७५ ग्रॅम, २४ कॅरेट. सोनं महाग झाल्यापासून अर्धा टोन किंवा १ ग्रॅमची अंगठीही सर्रास देतात. जोंगनोच्या सोन्याच्या बाजारात लहान मुलांच्या अंगठ्या मिळतात. अंगठी फोटोपुरती बाळाच्या बोटाजवळ ठेवा, बोटात घालू नका. ती दोन सेकंदांत तोंडात जाते.

वाटप

बेगिलचा तॉक शंभर घरांनी खाल्ला की बाळाला लांब आयुष्य मिळतं, असं मानतात. शंभर घरं आता कुणाला जमत नाहीत, पण हा भाग गाळू नका. याच्यामुळेच तुमचं बाळ त्या इमारतीचं होतं. वरच्या-खालच्या मजल्यावर, समोरच्या दारात, नवऱ्याच्या ऑफिसात, बालरोगतज्ज्ञांकडे, खालच्या सुरक्षारक्षकांना द्या. रात्रीच्या रडण्याचा आवाज ज्यांच्या भिंतीतून गेला, त्यांना आधी. कोरियात २०२३ साली जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ पर्यंत उतरला होता. अनेक इमारतींत वर्षभर एकही तान्हं बाळ नसतं. दार उघडून तॉकचा डबा हातात घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहाल, तेव्हा तुम्हाला कळेल मी का आग्रह धरतेय.

डब्यात बेक्सोल्गीचा एक तुकडा आणि दोन गोळे, वर बाळाच्या नावाची छोटी चिठ्ठी. बीन, तीळ असं काही असेल तर चिठ्ठीवर लिहा, ॲलर्जी असणारे असतात. दारावर ठेवून जाऊ नका, बेल वाजवून हातात द्या. कुणी घरी नसेल तर संध्याकाळी पुन्हा जा.

आणि तुम्हाला कुणाचा बेगिलचा तॉक आला तर भांडं रिकामं परत करायचं नाही. जुनी रीत अशी की भांडं न धुता, त्यात दोऱ्याची लड, थोडे तांदूळ किंवा पैसे घालून परत द्यायचे. आता डबे कागदी असतात, तर दुसऱ्या दिवशी मोज्यांचा एक जोड किंवा फळं नेऊन द्या. आम्ही शेजाऱ्यांना एकदा बेसनाचे लाडू दिले, तेव्हापासून ते दर दिवाळीला आठवण करतात.

संध्याकाळी

उरलेला तॉक फ्रिजमध्ये ठेवू नका, तो तिथे सगळ्यात लवकर दगडासारखा होतो. त्याच दिवशी, मऊ असतानाच, एकेक तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. खायचा तेव्हा सरळ वाफेवर ठेवा, दहा मिनिटांत पहिल्यासारखा होतो. पैशांची पाकिटं उघडताना कुणी किती दिलं ते वहीत लिहा. त्यांच्या घरच्या समारंभात तितकंच परत द्यायची इथे रीत आहे. दोऱ्याची लड आणि बाळाच्या नावाची पाटी घरची असेल तर जपून ठेवा, पहिल्या वाढदिवसाच्या टेबलावर दोरा लागतोच. भाड्याचा खोका रात्रीच भरून टाका, सकाळी बाळ वेळ देईलच असं नाही.

कोरियन आया 'शंभर दिवसांच्या चमत्कारा'बद्दल बोलतात: बेगिल झाला की बाळ रात्रभर झोपायला लागतं म्हणे. काही बाळं खरंच लागतात. तुमचं लागलं नाही तर त्यात तुमचं किंवा बाळाचं काही चुकलेलं नसतं. पाहुणे गेल्यावर दिवे मंद करा, फोन बाजूला ठेवा, आणि ओमोनिमना एक रात्र राहून जायला सांगा. बहुतेक त्या त्याच तयारीने आलेल्या असतात.